कानशिलावरचं गोंदण

मु. पो. पिंपळखोरा, ता. कन्नड
६ जानेवारी १९९४

चि. द्वारकास आजीचे, म्हणजे दगडाबाईचे, अनेक आशीर्वाद.

पत्र नेहमीप्रमाणे मधुसूदन मास्तर लिहीत आहेत. शाळेतून रिटायर झाल्यापासून त्यांना चुका काढायला कुणी मिळत नाही, म्हणून माझ्या काढतात. मी ‘लई’ म्हटलं की ते ‘फार’ लिहितात. तुला जिथं ‘फार’ दिसेल तिथं माझं ‘लई’ समजून घे.

तुझं पत्र पोचलं. संक्रांतीला येणं जमणार नाही, प्रकृती जरा बरी नाही, असं लिहिलंस. पंचमीला प्रकृती जराच बरी नव्हती, दिवाळीलाही जराच. हे ‘जरा’ नेमकं केवढं असतं ते एकदा कळव. तुझा बाप म्हणतो, शहरात गेल्या की पोरींना माहेर लांब पडतं. मी म्हटलं, बद्रीनाथ, बजाजनगर काही समुद्रापल्याड नाही, सकाळच्या गाडीत बसलेलं माणूस जेवायच्या वेळेला पोचतं. तो गप्प बसला. तो गप्प बसला की मला वाटतं मी बरोबर बोलले. तुझ्या आईला वाटतं त्याला झोप लागली.

काकासाहेबांना कारखान्याची पाळी मानवते का? लग्नात पाहिलं तेव्हा जावई उभ्या उभ्या झोपत होते. तुझ्या सासूबाई भागूबाई यांना माझा रामराम सांग. सांग कशाला, त्या ऐकतच असतील. घरात आलेला कागद पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत सगळ्यांच्या कानावरून गेला पाहिजे, ही त्यांची रीत मला ठाऊक आहे. चांगली रीत आहे. म्हणून मी इकडून फार लिहीत नाही.

तू मात्र तिकडून सगळं लिही. तुझं पत्र इथं मास्तर वाचतात आणि मी ऐकते, तिसरं कुणी नाही. मास्तरांना उजव्या कानानं ऐकू येत नाही, आणि डाव्या कानानं ऐकलेलं ते कुणाला सांगत नाहीत.

तुझी आजी

०

औरंगपुरा, दवाखान्याच्या बाकावरून
१९ जानेवारी १९९४

ती. आजीस द्वारकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

नंबर यायला वेळ आहे म्हणून इथंच बसून लिहिते. घरी लिहिलं की सासूबाई विचारतात काय लिहिलंस, आणि मला खोटं वाचता येत नाही. मागं एकदा तुझ्या पत्रातल्या दोन ओळी गाळल्या, तर म्हणाल्या, “कागद दोन्ही अंगांनी भरलाय आन् वाचलं एकाच अंगाचं व्हय?”

‘जरा’ केवढं असतं ते सांगते. आधी डोळ्यापुढं उजेडाची एक रेघ येते, करवतीच्या दातांसारखी वाकडीतिकडी. अर्ध्या तासानं ती जाते आणि उजव्या डोळ्याच्या मागं दुखायला लागतं. उजवीच बाजू. मग उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको. ओकारी होते. पडदा लावून पडते तर दुसऱ्या दिवशी उठते. पूर्वी महिन्यातून दोन वेळा व्हायचं. आता महिन्याचे पंधरा-सोळा दिवस जातात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात डोकेदुखीची गोळी सुटी मिळते. ती मी रोज घेते, कधी कधी तीन. हे घरात कुणाला माहीत नाही.

सासूबाई वाईट नाहीत. माझ्या डोक्यासाठी त्यांनी देवाला बोलून सोमवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन उपास माझ्याकडून धरवले आहेत, निरंकार, सूर्य मावळेपर्यंत. चार महिने झाले. गुण येत नाही म्हणून आता त्यांनाच राग येतो. शेजारच्या बाईंना म्हणत होत्या, “रोग झाकून पोरगी गळ्यात बांधली असंल तर माघारी नेऊन घालीन.” मी आतच होते. त्यांना वाटलं मी झोपले आहे.

मागच्या आठवड्यात ह्यांनीच मला इथं डॉक्टर प्रमोदिनीबाईंकडं आणलं. त्या फार बोलत नाहीत, लिहून घेतात. त्यांनी विचारलं आहे की आईला, आजीला, कुणाला असं होतं का? नीट विचारून सांग, त्यावर पुष्कळ ठरतं, म्हणाल्या. आईला नाही हे मला माहीत आहे. तू सांग.

लहानपणी माझं डोकं दुखलं की तू मांडीवर घ्यायचीस आणि तुझ्या कानशिलावरच्या गोंदणावर, त्या हिरव्या तुळशीवर, मी बोट फिरवत झोपून जायचे. परवा पडल्या पडल्या तेच आठवत होतं.

नंबर आला.

तुझी द्वारका

०

पिंपळखोरा
२७ जानेवारी १९९४

चि. द्वारकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उत्तर मोठ्यानं वाच.

आपल्या घराण्यात डोकं कुणाचंही दुखत नाही. तुझ्या आईचं नाही, तुझ्या आत्यांचं नाही, माझं तर नाहीच. नाव दगडाबाई ठेवलंय ते काय उगीच? तुझ्या आजोबांचं दुखायचं, पण ते दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागलं की. तेव्हा डॉक्टरीणबाईंना सांग, माहेराकडून काही आलेलं नाही. मुलगी ठणठणीत होती. हवापाणी बदललं की होतं असं.

माझा एक उपाय कर. सूर्य उगवायच्या आत गरम दुधात जिलबी बुडवून खायची, पोटभर, पूर्वेकडे तोंड करून. हे सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी हटकून करायचं. इतर दिवशी केलं तरी चालेल, पण हे तीन दिवस चुकवायचे नाहीत. जिलबीनं उपास मोडत नाही असं मास्तर म्हणतात.

(मी असे म्हणालो नाही. — म.)

मास्तरांनी काय लिहिलं ते त्यांनी मला वाचून दाखवलं नाही. काहीतरी लिहिलंय, हात हलताना दिसला.

शेळी व्याली. दोन्ही बोकडं. भागूबाईंना रामराम.

तुझी आजी

०

बजाजनगर
२२ फेब्रुवारी १९९४

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार.

सासूबाई दळण आणायला गेल्या आहेत. घाईत लिहिते.

जिलबीचं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मैद्याचा उपास? तुझी आजी लई हुशार बाई दिसती.”

डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं, माहेरी कुणाला नाही. त्यांनी लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, घरात कुणाला नाही आणि दुखणं तर वाढत चाललंय, तेव्हा मशिनीतून डोक्याचा फोटो काढू, आत काही आहे का ते पाहू. ‘काही’ म्हणजे काय, असं ह्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक काही नसेल, पण गाठ नाही एवढं पाहायचं. ह्यांनी ‘गाठ’ एवढाच शब्द घरी आणला.

त्या दिवसापासून सासूबाई जेवल्या नाहीत धड. त्यांचे भाऊ नानासाहेब आले होते. त्यांच्या माहितीत एका खेड्यात डाग देणारा माणूस आहे. लोखंडाची सळई तापवून कानशिलावर ठेवतो. गाठ असली तरी जळून जाते म्हणे. शनिवारची अमावस्या लागते, म्हणून १२ मार्च धरली आहे. हे म्हणाले, आधी फोटो काढू. सासूबाई म्हणाल्या, “मशिनीनं फोटू निघंल, रोग निघंल का?” ह्यांना गाठीची इतकी भीती वाटते आहे की आता हेही म्हणतात, आधी तेच करून पाहू, गुण आला तर फोटोची गरजच नाही.

मी नाही म्हटलं. तर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, मग माहेरी जा आणि बरी होऊन ये. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बरी कधी होणार ते मला कुठं माहीत आहे?

आजी, मला सळईची भीती वाटते. काय करू ते कळव. पण पत्र वाचलं जाणार आहे एवढं लक्षात ठेव.

तुझी द्वारका

०

पिंपळखोरा
२७ फेब्रुवारी १९९४

चि. द्वारकास आशीर्वाद. आणि भागूबाई, तुम्हाला रामराम. तुम्ही समोर बसून ऐकताय हे धरूनच आज सांगते आहे. द्वारके, एक अक्षर गाळायचं नाही. कागद तीन आहेत, दोन्ही अंगांनी भरलेले. भागूबाईंनी हातात घेऊन पाहावेत.

मागच्या पत्रात मी खोटं सांगितलं.

मला अर्धशिशी आहे. सोळाव्या वर्षापासून. उजव्या बाजूची. करवतीच्या दातांची रेघ द्वारकीनं लिहिली तेव्हा मास्तर वाचता वाचता थांबले, म्हणाले, हे काय असतं? मी म्हटलं, पुढं वाचा. मला ठाऊक होतं काय असतं ते. मी ती रेघ पन्नास वर्षं पाहते आहे. भाकरी थापताना आली की तव्यावरची तेवढी भाकरी उतरवायची आणि कडब्याच्या खोलीत जाऊन पडायचं, एवढं ठरलेलं. लोकांना सांगायचं, गाय चुकली होती, शोधायला गेले. आमची गाय गावात बदनाम झाली.

पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. बद्री सहा महिन्यांचा होता. दुखणं फार वाढलं होतं, पोराला पाजताना ओकारी यायची. माझ्या सासूनं माणूस बोलावला. त्यानंही सळईच आणली होती, अमावस्याच होती. चौघींनी धरलं मला. उजव्या कानशिलावर एक, त्याच्या खाली एक. गुण आला का विचाराल तर आला. दोन महिने अर्धशिशी जाणवली नाही, कारण डाग चिघळला होता आणि त्यापुढं दुसरं काही जाणवतच नव्हतं. डाग भरला, आणि मग अर्धशिशी जिथं राहत होती तिथंच परत राहायला आली.

पुढच्या वर्षी यात्रेत गोंदणारीण बसली होती. मी तिला म्हटलं, हे झाकेल असं काहीतरी काढ. ती म्हणाली, भाजलेल्या कातड्यावर हिरवा रंग नीट धरत नाही, दोनदा टोचावं लागेल. दोनदा टोच म्हटलं. द्वारके, तू ज्या तुळशीवर बोट फिरवायचीस, तिच्या खाली तो डाग आहे. तू एकदा विचारलं होतंस, आजी तुझी तुळस अशी खडबडीत का? मी म्हटलं होतं, तुळशीला साल असते.

आता दुसरं. इथं मास्तर म्हणाले, हे लिहूच का? लिहा म्हटलं.

डाग देऊन झाल्यावर मी ध्यान ठेवायला लागले, कारण दुसरं कुणी ठेवणार नव्हतं. सणासुदीला दुखतं, चतुर्थीला दुखतं, एकादशीला तर हटकून. मला आधी वाटलं देव कोपलाय. मग एका एकादशीला दुपारी रेघ दिसायला लागली आणि मी रागानं गोठ्यात जाऊन कालची भाकरी आणि गूळ खाल्ला. म्हटलं, कोपलाच आहेस तर नीट कोप. आणि पुढं दुखलंच नाही. रेघ आली तशी निघून गेली.

भागूबाई, त्या दिवसापासून मी एकही उपास धरलेला नाही. चाळीस वर्षं होत आली. दर एकादशीला गोठ्यात गूळ-भाकरी खाते, तोंड धुते आणि बाहेर येऊन राजगिऱ्याच्या लाडवाला नको म्हणते. गावात माझं उपासाला नाव आहे. मास्तर आपल्या बायकोला म्हणायचे, एकादशी धरावी ती दगडाबाईनं. आत्ता त्यांनी पेन खाली ठेवलं आहे आणि छपराकडं पाहताहेत. थांबते जरा.

बरं. मास्तर परत लिहायला लागले.

मुलगी देताना झाकलं का, असं तुम्ही विचाराल. झाकलं. द्वारकीचं लहानपणी डोकं दुखायचं तेव्हाच मला कळलं होतं की हे माझ्याकडून गेलंय. तिच्या आईबापांना मी कळू दिलं नाही. मला वाटलं, झाकलं की राहील. माझं राहिलं तसं. तेव्हा दोष ठेवायचा तर माझ्यावर ठेवा. बद्रीला बोलून उपयोग नाही, तो ऐकत ऐकत झोपेल.

पण तुम्ही तिच्याकडून आठवड्यातले तीन दिवस उपास करून घेताय, तिला बरं वाटावं म्हणून. तिच्या डोक्यात गाठ नाही, भागूबाई. तिच्या पोटात भाकरी नाही. आणि ती किराणा दुकानातली गोळी रोज खाते, तेही सांगून टाकते. द्वारके, माफ कर, पण आज सगळंच निघालंय.

हे पत्र डॉक्टरीणबाईंना पण वाचून दाखवा.

डाग द्यायचाच असला तर मला कळवा. मी येते. माझ्या डाव्या कानशिलावर जागा आहे.

दगडाबाई

(मजकूर सांगितला तसाच लिहिला आहे, ‘फार’ सोडून. — म.)

०

बजाजनगर
४ मार्च १९९४

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र काल आलं. मी वाचलं. हेही होते. सासूबाईंनी कागद हातात घेतले, मोजले, परत दिले. मी वाचत गेले आणि त्या वाती वळत गेल्या. डागाचं आलं तेव्हा त्यांचा हात थांबला. गोठ्यातल्या भाकरीचं आलं तेव्हा त्यांनी वातींचं ताट बाजूला सारलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “पुन्यांदा वाच.” दुसऱ्यांदा वाचलं.

मग त्या म्हणाल्या, “चाळीस वर्सं एकादशी मोडली?” मी म्हटलं, हो. “आन् पांडुरंगानं काय केलं न्हाय?” मी म्हटलं, काही ऐकलं नाही तसं.

गोळ्यांवरून हे माझ्यावर रागावले, मी गोळ्यांचा डबा काढून त्यांना दाखवला. सासूबाई फसवलं, असंही म्हणाल्या नाहीत, आणि नाही असंही नाही. एवढंच म्हणाल्या, “कागदावर काय बी लिवता येतं. तिला म्हणावं, येऊन दाखव.”

अमावस्या अजून रद्द झालेली नाही. आज चार तारीख आहे.

तुझी द्वारका

०

पिंपळखोरा
२४ मार्च १९९४

चि. द्वारकास आशीर्वाद.

मी नीट पोचले. परतीला कंडक्टरनं मला पुढची जागा दिली, कारण मी त्याला म्हटलं, मला गाडी लागते. लागत नाही, पण खिडकी मिळाली. खोटं बोलायचं सोडणार होते, ते पुढच्या महिन्यापासून.

मास्तर रोज विचारतात, तिकडं काय काय झालं. एकदा सगळं सांगितलं तर म्हणाले, हेच पत्रात घाला. म्हटलं, ती तिथंच होती की. तर म्हणाले, तरी घाला. आता ऐक मग, तुझ्याच घरात काय झालं ते.

छावणीपाशी गाडीतून उतरले आणि रिक्षावाल्याला बजाजनगर म्हटलं, तर तो म्हणाला, “अम्मा, आज शिवरात है, खाली पेट इतनी दूर जाओगे?” तेव्हा मला कळलं मी कोणत्या दिवशी आले ते. बद्रीनं गाडी पाहून दिली होती, तिथी पाहिली नव्हती. त्याच्या हातून आयुष्यात एक बरोबर काम झालं, तेही चुकून.

तुझ्या सासूनं पाट मांडला, भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. मी म्हटलं, भाकरी असेल तर द्या. तू दारात उभी होतीस, तुझं तोंड पांढरं पडलं होतं. त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. मग उठल्या, सकाळची तुझ्या नवऱ्याच्या डब्यातली उरलेली भाकरी आणली आणि स्वतःच्या हातानं गुळाचा खडा ठेवला. मी खाल्ली. त्या समोर बसून पाहत होत्या, पहिला घास गेल्यावर काही होतं का ते.

मग म्हणाल्या, “दाखवा.” मी पदर मागं घेतला. तुझ्या सासूचं बोट खरबरीत आहे, द्वारके, पण हलकं आहे. वरच्या डागावर फिरवलं, खालच्या डागावर फिरवलं. म्हणाल्या, “किती वर्सांच्या होता?” सत्तावीस म्हटलं. त्यांनी भांडी उचलली, नळ सोडला आणि आतूनच ओरडल्या, “काकासाहेब, नानामामाला सांगावा धाड, शनिवारी येत न्हाय म्हणावं.” माझ्याकडं पाहून नाही म्हणाल्या. मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी आपण तिघी औरंगपुऱ्यात गेलो ते तू पाहिलंसच. मला तुझी डॉक्टरीण पसंत पडली. तिनं तुझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यांवर हातोडी मारली, बोट नाकाला लावायला लावलं, आणि मग म्हणाली, आता फोटोची घाई नको, काही नवं दिसलं तर तेव्हा पाहू. म्हणाली, आजीनं आधी खरं सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते. मी म्हटलं, बाई, आजीला खरं सांगायला पन्नास वर्षं लागतात, तुम्हाला दोनच महिने थांबावं लागलं. ती हसली नाही. कामाची बाई आहे.

किराणा दुकानातली गोळी रोज घेतली की गोळीच डोकं दुखवते, हे ऐकून भागूबाईंनी आ वासला. मला नवल वाटलं नाही. मी उपासाची अशीच तऱ्हा पाहिली होती, बरं वाटावं म्हणून धरायचा आणि त्यानंच दुखायचं. ती गोळी बंद. वेळेवर जेवण, वेळेवर झोप. एक बारकी गोळी रोज, दुखो न दुखो. आणि एक वेगळी, रेघ गेली आणि दुखायला लागलं की लगेच, पण आठवड्यात दोनदाच्या वर नाही. बरोबर ना? मला वाचता येत नाही, म्हणून मी पाठ करते.

माझ्यासाठी पण एखादी गोळी आहे का, विचारलं. तिनं माझी नाडी पाहिली, पट्टा बांधला आणि म्हणाली, आजी, या वयात तुमचं आपोआप कमी होत आलं असेल. तुम्ही वीस वर्षांपूर्वी यायला हवं होतं. मी म्हटलं, वीस वर्षांपूर्वी तुम्ही कुठं होता? तेव्हा हसली.

पण ती एक गोष्ट बोलली होती, जुनी गोळी सोडल्यावर पहिले पंधरा दिवस वाईट जातील, आधीपेक्षा वाईट. तेरा दिवस झाले. तुझं पत्र नाही. मास्तर रोज पोस्टमनला अडवतात, तो आता पलीकडच्या गल्लीतून जातो.

लिहिता येत नसेल तर कोरा कागद टाक. मला तसाही कोराच दिसतो.

तुझी आजी

०

बजाजनगर
१८ मे १९९४

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार.

कोरा कागद टाकला होता, पोचला असेल. त्यावर पत्ता ह्यांनी लिहिला होता.

ते दिवस कसे गेले ते लिहीत नाही. नऊ दिवस मी भिंतीकडं तोंड करून होते, पुढंही बरेच दिवस पेन धरवत नव्हतं. सातव्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, एकच गोळी आणून द्या, कुणाला सांगू नका. हे चप्पल घालून निघाले. सासूबाई दारात आडव्या बसल्या. म्हणाल्या, “हिची आजी एवढ्या लांबून भाकरी खायला आली ती ह्याच्यासाठी?” आणि उठल्याच नाहीत.

त्यानंतर हळूहळू उतरलं. बाईंनी एक वही दिली आहे, दुखलं त्या दिवशी फुली मारायची. एप्रिलमध्ये सात फुल्या झाल्या. मे महिन्यात आजपर्यंत दोन. त्यांतली एक लग्नाला गेलो तिथं पंगत चारला बसली म्हणून. बाई म्हणाल्या, पूर्ण जाईल असं नाही, पण तू त्याच्या आधी उठशील आणि त्याच्या नंतर झोपशील, एवढं होईल. रेघ दिसली की आता मी घाबरत नाही. घड्याळ पाहते.

उपासांचं राहिलं. मी सोडले, पण सासूबाई म्हणाल्या, देवाला शब्द माझा गेलाय, तो मोडायचा नाही. माझे तिन्ही उपास त्यांनी स्वतः धरले आहेत. वर त्यांच्या एकादश्या, चतुर्थ्या आहेतच. गेल्या शनिवारी धुणं वाळत घालताना चक्कर येऊन कठड्याला टेकल्या. मी पाहिलं. त्यांना वाटलं मी पाहिलं नाही.

आत्ता त्या शेजारी बसल्या आहेत आणि त्यांना तुला काहीतरी कळवायचं आहे. म्हणतात, मी सांगते तसंच लिही आणि मोठ्यानं वाचू नको, काकासाहेब घरात आहे. लिहिते.

दगडाबाईंना भागूबाईचा रामराम. मला उपासाला डोळ्यांपुढं अंधारी येते. दवाखान्यात सांगायसारखं नाही. तुम्ही नुस्ता गूळ खात होता का गूळ-भाकरी? किती वाजता? आन् देवाला आधी सांगावं लागतं का मागून? तेवढं कळवा. पत्र द्वारकाच वाचंल, बाकी कुणाच्या कानावर जाणार नाही.

तुझी द्वारका

०

पिंपळखोरा
२५ मे १९९४

भागूबाईंना दगडाबाईचा रामराम.

हे पत्र तुमच्या नावचं आहे. द्वारके, तू नुसती वाच, ऐकू नकोस.

नुसता गूळ पुरत नाही, तासाभरानं परत अंधारी येते. भाकरी पाहिजे, अर्धी चालेल. आधी गुळाचा खडा, वर पाणी, मग भाकरी. सकाळी दहाच्या आत; रेघ असो की अंधारी, तिला आपल्या आधी उठू द्यायचं नाही. तुमच्याकडं गोठा नाही, तेव्हा स्वयंपाकघराचं दार लोटून घ्या. देव्हाऱ्याकडं पाठ करू नका. देवाला दिसलं तर चालतं, शेजारणीला दिसू नये. त्याला आधी सांगायचं की मागून, हे मला कधी सुचलं नाही. मी खाता खाता सांगत होते.

मात्र चक्कर आली ती डॉक्टरीणबाईंच्या कानावर घाला. ती हसत नाही, घाबरू नका.

मास्तरांनी हे सगळं न थांबता लिहिलं. परवाच्या एकादशीला ते दुपारी आमच्या ओट्यावर आले, वर्तमानपत्र उलटं धरून बसले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, गूळ कुठला आणता तुम्ही? मी खडा आणून दिला. आम्ही दोघांनी पुढं तो विषय काढला नाही.

माझं डोकं गेल्या महिन्यात एकदा दुखलं. एकदाच. मी बद्रीला सांगून कडब्याच्या खोलीत गेले, गाईचं नाव सांगितलं नाही. तो म्हणाला, आई, पाणी आणू का? तेवढं बोलला आणि खरंच घेऊन आला.

आता एक काम तुमच्याकडं. पत्र वाचून झालं की द्वारकीच्या उजव्या कानशिलावरून एकदा बोट फिरवा, माझ्या तुळशीवरून फिरवलं तसं. बोटाला काही लागलं नाही, तर कळवायची गरज नाही.

दगडाबाई